बेलिचिकच्या गादीवर मेयो: माजी खेळाडूला हेड कोच करण्याचा पेट्रियट्सचा प्रयोग – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे कोणतं फुटबॉल? मेस्सीचं का?

नाही. हे अमेरिकन फुटबॉल: लांबट चेंडू, हेल्मेट, खांद्यावर पॅड. लीगचं नाव एनएफएल. आणि आपण ज्या संघाबद्दल बोलतोय तो न्यू इंग्लंड पेट्रियट्स, बॉस्टनपासून तासाभरावर फॉक्सबरो नावाच्या गावात खेळणारा.

एका कोचच्या जाण्या-येण्याचा एवढा गाजावाजा कशाला?

क्रिकेटमध्ये मैदानावर कॅप्टनचं चालतं, कोच ड्रेसिंग रूममध्ये बसून बघतो. इथे उलटं आहे. प्रत्येक चाल बाहेर, साइडलाइनवर किंवा वरच्या केबिनमध्ये ठरते आणि रेडिओवरून क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या सूत्रधाराच्या, हेल्मेटमध्ये पोचते. दहा यार्ड सरकायला मिळणाऱ्या चार संधींपैकी चौथीला धोका पत्करायचा की चेंडू लाथाडून द्यायचा, टाइमआउट कधी घ्यायचा, हे सगळं हेड कोचच्या डोक्यावर.

त्याच्या हाताखाली मोठा गोतावळा असतो. सगळ्यात खाली एकेका जागेचा कोच: लाइनबॅकरचा (बचावाची मधली फळी) वेगळा, क्वार्टरबॅकचा वेगळा. त्यांच्यावर ऑफेन्स (हल्ला), डिफेन्स (बचाव) आणि स्पेशल टीम्स (चेंडू लाथाडतानाची फळी) यांचे कोऑर्डिनेटर. आणि सगळ्यांवर हेड कोच. ही उतरंड लक्षात ठेवा, पुढचं सगळं महाभारत हिच्यावरूनच आहे.

बिल बेलिचिक म्हणजे एवढं काय?

24 सीझन एकाच संघाचा हेड कोच, 2000 ते 2023. सहा सुपर बोल (लीगचा अंतिम सामना), विभागाची 17 विजेतेपदं. प्लेऑफ (सीझनअखेरची बाद फेरी) धरून कारकिर्दीत 333 विजय, डॉन शुलाच्या 347 च्या विक्रमापासून अवघ्या काही पावलांवर. शिवाय तो नुसता कोच नव्हता. कोणता खेळाडू घ्यायचा, कोणाला किती पैसे द्यायचे, कोणाला निरोपाचा नारळ द्यायचा, हेही तोच ठरवायचा.

तो पेट्रियट्सकडे आला तोही नाट्यमय रीतीने. जानेवारी 2000 मध्ये न्यूयॉर्क जेट्सने त्याला हेड कोच केलं आणि ओळख करून द्यायच्या पत्रकार परिषदेतच, हाताने खरडलेल्या एका ओळीच्या चिठ्ठीवर, त्याने राजीनामा दिला. त्याला सोडवून घेण्यासाठी पेट्रियट्सचे मालक रॉबर्ट क्राफ्ट यांनी जेट्सना ड्राफ्टमधला, म्हणजे कॉलेजचे नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक सोहळ्यातला, पहिल्या फेरीचा हक्क मोजला. तेव्हा अनेकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं.

मग त्याला काढलं का?

अधिकृत भाषेत दोघांनी सामंजस्याने वेगळं व्हायचं ठरवलं. 11 जानेवारी 2024 ला दोघे एकत्र पत्रकारांसमोर आले, गोड बोलले, हात मिळवले. पण आदल्या सीझनमध्ये 4 विजय, 13 पराभव झाले होते, तेव्हा काय ते समजून घ्या.

घसरण मार्च 2020 पासूनची. संघाचा दिग्गज क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी टँपा बेच्या संघात गेला आणि त्याच सीझनमध्ये तिथे सुपर बोल जिंकला. इकडे पेट्रियट्स 7-9, 10-7, 8-9 आणि शेवटी 4-13. माझ्या मते खरा घात 2022 मध्ये झाला. ऑफेन्सचा कोऑर्डिनेटर जॉश मॅकडॅनियल्स दुसरीकडे हेड कोच म्हणून गेला, आणि बेलिचिकने ऑफेन्सच्या चाली ठरवायचं काम मॅट पॅट्रिशियाकडे दिलं, ज्याचं नाव झालं होतं डिफेन्समध्ये! मॅक जोन्स हा तरुण क्वार्टरबॅक त्या वर्षी जो गडबडला तो परत सावरलाच नाही. सगळं एकाच माणसाच्या हातात असलं की त्याला ‘अहो, हे चुकतंय’ म्हणणारं कोणी उरत नाही.

जेरॉड मेयो कोण?

2008 च्या ड्राफ्टमध्ये दहाव्या क्रमांकावर घेतलेला लाइनबॅकर, टेनेसी विद्यापीठाचा. पहिल्याच वर्षी डिफेन्समधला सर्वोत्तम नवोदित, लवकरच संघाचा कॅप्टन, 2010 मध्ये ऑल-प्रो, म्हणजे लीगच्या त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूंत. मैदानावर डिफेन्सची जुळवाजुळव करणारा, समोरचा काय करणार हे ओळखून इतरांना हलवणारा. दुखापतींनी शेवटची वर्षं खाल्ली आणि 2015 च्या सीझननंतर तो निवृत्त झाला. मग काही काळ एका आरोग्यसेवा कंपनीत अधिकारी म्हणून काम, जोडीला टीव्हीवर विश्लेषण. 2019 मध्ये पेट्रियट्सकडे परत आला, इनसाइड लाइनबॅकरचा कोच म्हणून.

बेलिचिक गेला 11 तारखेला आणि मेयोचं नाव आलं 12 ला. मुलाखती झाल्याच नाहीत?

नाही झाल्या. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि त्यातला तांत्रिक भाग समजून घेण्यासारखा आहे.

एनएफएलमध्ये 2003 पासून रूनी नियम आहे. हेड कोच नेमण्याआधी संघाने अल्पसंख्याक समाजातल्या उमेदवारांच्या मुलाखती घेतल्याच पाहिजेत. पण त्याला एक पळवाट आहे, किंवा सभ्य भाषेत अपवाद म्हणा. पुढचा कोच कोण हे संघाने आधीच करारात लिहून लीगला कळवलं असेल, तर नव्याने शोध घ्यावा लागत नाही. क्राफ्ट यांनी नेमकं तेच केलं होतं. जानेवारी 2023 मध्ये कॅरोलिना पँथर्सनी मेयोला मुलाखतीला बोलावलं, त्याने नकार दिला. त्याच सुमारास पेट्रियट्सने निवेदन काढून सांगितलं की मेयोशी नव्या कराराची बोलणी चालू आहेत. सहायक कोचच्या करारावर संघाने जाहीर निवेदन काढणं तेव्हाही विचित्र वाटलं होतं. वर्षभराने कळलं की त्या करारात वारसदाराचं कलम होतं.

म्हणजे बेलिचिक अजून खुर्चीत असताना, आणि पुढचं वर्ष किती वाईट जाणार याची कोणालाच कल्पना नसताना, त्याचा वारस कागदावर ठरलेला होता. मला विचाराल तर मेयोच्या अडचणीचं मूळ इथे आहे. खुर्ची रिकामी होईल तेव्हा संघाला कसा माणूस लागेल, हा प्रश्न विचारायची वेळच आली नाही, कारण उत्तर आधीच सही होऊन पडलं होतं.

क्राफ्टना मेयोच का हवा होता?

2019 मध्ये क्राफ्ट काही माजी खेळाडूंना घेऊन इस्राएलला गेले होते. त्या प्रवासात मेयोशी बोलताना आपल्याला हा माणूस कधीतरी हेड कोच होणार असं वाटलं, हे त्यांनी स्वतःच सांगितलंय. मेयो बोलका, हुशार, कंपनीच्या बैठकांतही बसलेला, तरुण खेळाडूंची भाषा कळणारा. बेलिचिक पत्रकारांशी चार शब्दांवर पाचवा बोलायचा नाही, त्यापुढे हा वाराच वेगळा. आणि आपल्या घरात वाढलेल्याला मोठं करावं, हा मालकांचा हौसेचा भाग असतोच.

पेट्रियट्सचा पहिला कृष्णवर्णीय हेड कोच, यावर काही झालं का?

17 जानेवारीच्या पत्रकार परिषदेत क्राफ्ट म्हणाले की त्यांना रंग दिसत नाही, त्यांनी योग्य माणूस निवडला, इतकंच. शेजारी बसलेल्या मेयोने शांतपणे सांगितलं की मला रंग दिसतो, कारण रंग बघितला नाही तर वर्णद्वेषही दिसणार नाही. नव्या साहेबांसमोर पहिल्याच दिवशी हे बोलायला धमक लागते. त्या दिवशी तो मला फार आवडला होता.

मेयोकडे कमी काय होतं?

मधली पायरी. पाच वर्षं तो लाइनबॅकरचाच कोच होता. डिफेन्सचा कोऑर्डिनेटर ही पाटी त्याच्या दारावर कधी लागलीच नाही. गंमत म्हणजे बेलिचिकच्या शेवटच्या काळात ती कोणाच्याच दारावर नव्हती. मेयो आणि बेलिचिकचा मुलगा स्टीव्ह मिळून डिफेन्स सांभाळायचे आणि सामन्यात चाली स्टीव्ह सांगायचा.

कोऑर्डिनेटरच्या खुर्चीत माणूस काय शिकतो? आठवड्याचा आराखडा आखायला, दहा-बारा कोच आणि दोन-अडीच डझन खेळाडूंना त्यामागे ओढायला, रविवारी तो आराखडा फसला की अर्ध्या तासात दुसरा उभा करायला. आणि हरल्यावर पत्रकारांसमोर उभं राहायला. मेयोला हे सगळं हेड कोच झाल्यावर शिकावं लागलं, तेही बॉस्टनच्या पत्रकारांसमोर.

दुसरी कमतरता ओळखीपाळखीची. नवा हेड कोच आपली माणसं घेऊन येतो, वेगवेगळ्या संघांत काम करताना जोडलेली. मेयो कोच म्हणून एकाच संघात राहिलेला. स्टीव्ह बेलिचिक कॉलेज फुटबॉलला गेला, ऑफेन्सचा कोऑर्डिनेटर बिल ओब्रायनही गेला. मेयोने ऑफेन्स सोपवली ॲलेक्स व्हॅन पेल्टकडे आणि डिफेन्स डिमार्कस कव्हिंग्टनकडे. कव्हिंग्टन स्वतःही पहिल्यांदाच कोऑर्डिनेटर होत होता. खेळाडू निवडण्याचं काम इलियट वुल्फकडे, तोही त्या अधिकाराला नवा. जिथे 24 वर्षं एकच माणूस सगळं बघत होता, तिथे एकदम सगळेच नवशिके.

2024 चा सीझन नेमका कसा गेला?

सुरुवात झकास! पहिल्याच सामन्यात सिनसिनाटीला त्यांच्या घरी 16-10 हरवलं, मेयोला खेळाडूंनी डोक्यावर घेतलं. पुढचे सहा सामने ओळीने हरले. शेवटी 4-13, म्हणजे बेलिचिकच्या शेवटच्या वर्षाइतकंच.

आकड्यांपेक्षा बोलणं जास्त महागात पडलं. जानेवारीतच मेयो रेडिओवर बोलून गेला की आता पैसे जाळायचे, म्हणजे मोठमोठे खेळाडू विकत घ्यायचे. मग शब्द मागे घेतला, आणि संघाने मुख्यतः आपलेच जुने खेळाडू पुन्हा करारबद्ध केले. ऑगस्टमध्ये म्हणाला की नवा क्वार्टरबॅक ड्रेक मे सरावात जकोबी ब्रिसेटपेक्षा चांगला खेळलाय, आणि पहिल्या सामन्यात उतरवला ब्रिसेटला. ऑक्टोबरमध्ये लंडनच्या वेम्बलीवर जॅक्सनव्हिलकडून 32-16 हरल्यावर त्याने संघाला ‘सॉफ्ट’ म्हटलं. फुटबॉलमध्ये याहून मोठी शिवी नाही, मवाळ म्हणजे संपलं. दुसऱ्या दिवशी सारवासारव: संघ सॉफ्ट नाही, सॉफ्ट खेळतोय.

डिसेंबरमध्ये ॲरिझोनात एक यार्ड हवा असताना धावणाऱ्या क्वार्टरबॅकचा वापर का केला नाही, असं विचारल्यावर त्याचं उत्तर असं होतं की जणू दोष व्हॅन पेल्टचा. पुन्हा दुसऱ्या दिवशी खुलासा. प्रत्येक सोमवारी रविवारचं बोलणं निस्तरायचं, असा पायंडाच पडला. बेलिचिक काही बोलायचाच नाही म्हणून आपण त्याला हसायचो. त्यामागचं शहाणपण मेयोचं वर्ष बघताना कळलं.

आणि मग 28 डिसेंबर. सकाळी रेडिओवर सांगितलं की रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) म्हणून सुरुवात अँटोनिओ गिब्सन करेल, मैदानात पहिला उतरला र‍ॅमाँड्रे स्टीव्हन्सन. चार्जर्सने 40-7 असा धुव्वा उडवला. घरच्या प्रेक्षकांनी ‘फायर मेयो’चा घोष केला.

पण शेवटचा सामना तर जिंकले होते ना?

जिंकले, आणि हीच क्रूर थट्टा. 5 जानेवारी 2025 ला बफेलोने आपले प्रमुख खेळाडू बसवून ठेवले होते. पेट्रियट्सने तिसऱ्या फळीतल्या ज्यो मिल्टनला क्वार्टरबॅक म्हणून खेळवून 23-16 असा विजय मिळवला. हरले असते तर पुढच्या ड्राफ्टमध्ये पहिला क्रमांक मिळाला असता, जिंकल्यामुळे चौथा मिळाला. मेयोला त्याच दिवशी, सामना संपून फार वेळ गेला नसताना, काढून टाकलं.

एका वर्षात काढणं हा अन्याय नाही का?

आहे. संघ दुबळा होता, ऑफेन्सची पहिली फळी दुखापतींनी दर आठवड्याला बदलत होती, मॅथ्यू जुडॉनसारखा पास रशर (समोरच्या क्वार्टरबॅकवर झेपावणारा) ऑगस्टमध्येच अटलांटाला देऊन टाकला होता. अशा संघाबरोबर कोणीही सहा-सात सामन्यांच्या वर जिंकला नसता.

पण सीझन सरताना संघ सुधारत नव्हता, हेही खरं. ड्रेक मे चमकत होता आणि त्याच्याभोवतीचं सगळं ढासळत होतं. 22 वर्षांच्या हिऱ्यासारख्या क्वार्टरबॅकची पुढची दोन वर्षंही अशीच गेली तर त्याचा मॅक जोन्स होईल, ही भीती क्राफ्टना वाटली असणार. दुसऱ्या दिवशी त्यांनी उघड कबूल केलं की मेयोला मीच टिकाव धरता येणार नाही अशा जागी बसवलं, दोष माझा. मालक एवढं स्पष्ट सहसा बोलत नाहीत. अर्थात नोकरी मेयोची गेली, त्यांची नाही!

म्हणजे माजी खेळाडूला कोच करू नये, असंच ना?

अजिबात नाही. मेयोच्या जागी आलेला माइक व्रेबल कोण होता? पेट्रियट्सचाच माजी लाइनबॅकर, 2001 ते 2008. तीन सुपर बोल जिंकलेला. डिफेन्सचा खेळाडू असून दोन सुपर बोलमध्ये टचडाउनचे (गोलरेषेपलीकडे गुण मिळवून देणारे) पास झेललेला.

फरक मधल्या वर्षांत आहे. व्रेबल 2011 मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठात कोच झाला, मग ह्यूस्टनमध्ये लाइनबॅकरचा कोच, 2017 मध्ये तिथेच डिफेन्सचा कोऑर्डिनेटर, 2018 पासून सहा वर्षं टेनेसी टायटन्सचा हेड कोच. जानेवारी 2020 मध्ये त्याच्या टायटन्सनी फॉक्सबरोत येऊन पेट्रियट्सना प्लेऑफमधून बाहेर काढलं, आणि ब्रेडीचा पेट्रियट्सच्या जर्सीतला तो शेवटचा सामना ठरला. बेलिचिकच्या तालमीत तो खेळाडू म्हणून घडला, पण कोच म्हणून त्याच्या हाताखाली एक दिवसही राबला नाही. चुका केल्या त्या दुसऱ्याच्या अंगणात, हकालपट्टीही तिथेच अनुभवली.

फॉक्सबरोत आल्यावर त्याने मॅकडॅनियल्सला ऑफेन्सवर परत आणलं आणि मालकाने या वेळी खरंच पैसा सोडला: मिल्टन विल्यम्स, स्टेफॉन डिग्स, हॅरल्ड लँड्री. 2025 मध्ये 14-3, विभागाचं विजेतेपद आणि थेट सुपर बोल. तिथे सिॲटलने हरवलं, पण दोन वर्षं 4-13 खाल्लेल्या संघाबद्दल बोलतोय आपण.

व्रेबल 2024 मध्येच मोकळा होता ना? तेव्हाच का नाही घेतला?

टायटन्सनी त्याला 9 जानेवारी 2024 ला काढलं. बेलिचिक गेला दोनच दिवसांनी. बॉस्टनच्या प्रत्येक क्रीडाप्रेमीच्या तोंडी तेव्हा हाच प्रश्न होता. उत्तर पुन्हा तेच: करार. मेयोची सही झालेली होती. मग व्रेबल ते वर्ष क्लीव्हलंडमध्ये सल्लागार म्हणून राहिला.

जाता जाता, 2025 मध्ये रूनी नियम लागू होताच. पेट्रियट्सने आधी बायरन लेफ्टविच आणि पेप हॅमिल्टन या दोघांना बोलावलं, आणि आठवड्याभरात व्रेबलचं नाव जाहीर केलं. नियम पाळल्याचं नाटक म्हणून टीका झाली. टीका रास्त होती.

इतर ठिकाणी असं कधी यशस्वी झालंय का?

शिकागो बेअर्सचा माइक डिटका. साठच्या दशकात तिथला टाइट एंड (ऑफेन्समधला झेल घेणारा खेळाडू), 1982 मध्ये तिथलाच हेड कोच, आणि 1985 च्या सीझनचा सुपर बोल. पण मधली नऊ वर्षं त्याने डॅलसमध्ये हेड कोच टॉम लँड्रीच्या हाताखाली काढली होती. उलट उदाहरण ग्रीन बेच्या बार्ट स्टारचं. संघाचा देवच म्हणा ना, दिग्गज कोच विन्स लोम्बार्डीच्या काळातला क्वार्टरबॅक. कोचिंगचा अनुभव जेमतेम एका सीझनचा. 1975 ते 1983 हेड कोच, 52 विजय, 76 पराभव, 3 बरोबरीत. लोकांनी नऊ वर्षं सहन केलं ते निव्वळ प्रेमापोटी.

खऱ्या, गोल चेंडूच्या फुटबॉलमधलं उदाहरण हवं असेल तर लिव्हरपूलचा बॉब पेस्ली. तिथेच खेळला, 1954 मध्ये खेळणं थांबवून तिथेच राखीव संघ सांभाळला, खेळाडूंचे पाय चोळले, मग मॅनेजर बिल शँकलीचा पंधरा वर्षं उजवा हात. 1974 मध्ये शँकली अचानक पायउतार झाला तेव्हा पेस्ली नाखुषीनेच पुढे आला, आणि नऊ सीझनमध्ये सहा लीग विजेतेपदं, तीन युरोपियन कप. त्याने घर कधीच सोडलं नव्हतं. म्हणजे बाहेर जाऊनच शिकावं लागतं असंही नाही. पण पेस्लीने घरातली एकही खोली झाडायची सोडली नव्हती, आणि मेयोला एकाच खोलीची किल्ली मिळाली होती.

बेलिचिकचे बाकीचे शिष्य?

बहुतेक हेड कोच म्हणून आपटले: पॅट्रिशिया, ज्यो जज, मँजिनी, दोनदा मॅकडॅनियल्स. ओब्रायनने ह्यूस्टनमध्ये चार वेळा विभाग जिंकला, तो अपवाद. गुरू सगळं स्वतःच करत असेल तर शिष्य निर्णय घ्यायला शिकणार कधी? स्वतः बेलिचिक डिसेंबर 2024 मध्ये नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचा कोच झाला.

सामने भारतात किती वाजता बघता येतात?

रविवारचे दुपारी एकचे सामने आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू होतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागे गेली की साडेअकराला. सुपर बोल सोमवारी पहाटे पाचच्या सुमारास, म्हणजे रजा टाकावी लागत नाही, फक्त ऑफिसात जांभया लपवाव्या लागतात.